पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही

रविवारी सकाळी आमच्या कोपरखैरण्याच्या घरात टीव्हीसमोर तीन पिढ्या बसतात, एमएमएच्या लढती बघायला. लास वेगासमध्ये तेव्हा शनिवारची रात्र असते. मुलगा अंथरुणातून उठून थेट सोफ्यावर आलेला, मी पोह्यांची ताटली घेऊन, आणि आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत ताठ. आबा मूळचे पाटण तालुक्यातले. वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून त्यांची हयात गेली, पण त्याआधी गावच्या तालमीत अंगाला लाल माती लागलेली. रेवडीवरच्या कुस्त्यांपासून जत्रेतल्या इनामी कुस्त्यांपर्यंत सगळं करून झालेलं.

त्यांनी पहिल्यांदा एमएमए पाहिलं तेव्हा दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. पडद्यावर एकाने दुसऱ्याला कंबरेतून उचलून पाठीवर आपटलं होतं. "झाली की कुस्ती! चीतपट! पंच झोपला काय?"

पंच जागा होता. लढत चालूच राहिली, आणि थोड्या वेळाने जो खाली होता त्यानेच वरच्याचा हात आपल्या मांड्यांत धरून असा ताणला की वरच्याने चटचट थाप मारून हार कबूल केली. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ह्ये समदं उलटंच हाय की."

उलटंच आहे, आणि एमएमए समजून घ्यायचं तर याच टोकापासून धरावं असं मला वाटतं. पाठ जमिनीला लागल्यावर पुढे काय, या एका प्रश्नाभोवती या खेळाचा निम्मा इतिहास फिरतो.

आधी खेळ काय आहे ते सांगून टाकतो. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. उभ्याने ठोसे, लाथा, गुडघे आणि कोपर चालतात. धरून पाडता येतं. पाडल्यावर खालच्याला मारता येतं, किंवा त्याचा हात, पाय, मान अडकवून त्याच्याकडून कबुली घेता येते. जिंकायचे मार्ग चार: समोरचा बेशुद्ध पडतो, पंच लढत थांबवतो, समोरचा थाप मारतो (पोरं याला 'टॅप केलं' म्हणतात), नाहीतर वेळ संपते आणि कडेला बसलेले तीन परीक्षक गुण देतात. आणि हो, हे डब्ल्यूडब्ल्यूई नव्हे. तिथे कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. आमच्या सोसायटीत हे मला वर्षातून चारदा तरी सांगावं लागतं.

अशा मिश्र लढतींचा खेळ जुना आहे. ग्रीक लोकांनी इ.स.पू. 648 मध्ये ऑलिंपिकमध्ये 'पँक्रेशन' आणला. त्यात ठोसे, लाथा, पकडी सगळं चालायचं. मनाई दोनच गोष्टींना, चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं. आपल्याकडे भीम-जरासंधाची आणि कृष्ण-चाणूराची मल्लयुद्धं आहेतच. पण आजचा एमएमए तिथून सरळ उतरत आला, असं कोणी सांगू लागलं तर मान हलवून सोडून द्यावं. त्याची खरी वंशावळ जपानहून ब्राझीलला जाते. मध्ये एक-दोन फांद्या मात्र आपल्या अंगणात डोकावतात.

1910 साली गामा पैलवान लंडनला गेला. समोर पोलंडचा स्टॅनिस्लाव झबिस्को, अंगाने अवाढव्य. गामाचा जोर कळल्यावर झबिस्कोने एकच केलं. तो मॅटवर पालथा पडला आणि अडीच तासांहून जास्त चाललेल्या लढतीतला बहुतेक वेळ तसाच राहिला. पालथा माणूस चीत होत नाही. लढत बरोबरीत सुटली. पुढे 1928 मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा भिडले तेव्हा गामाने मिनिटभराच्या आत त्याला पाठीवर घातलं, ही गोष्ट आबांना तोंडपाठ आहे. पण आपल्या कामाचा आहे तो लंडनचा पालथा झबिस्को. कुस्तीत पालथं पडणं म्हणजे ढाल. हे डोक्यात राहू द्या.

आता 1976 चा जून, टोकियो. मुहम्मद अली, म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला मुष्टियोद्धा, आणि जपानचा व्यावसायिक कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. नियम दोन्हीकडच्यांनी घासाघीस करून ठरवलेले. घंटा वाजली आणि इनोकी चक्क पाठीवर पडला, आणि खालूनच अलीच्या पायांवर लाथा घालू लागला. पडलेल्या माणसाला ठोसा मारायचा कसा, ते अलीला कळेना. पंधरा फेऱ्या हेच. लढत बरोबरीत, प्रेक्षक चिडलेले, आणि अलीचे पाय इतके सुजले की उपचार घ्यावे लागले. त्या काळी सगळे याला तमाशा म्हणाले. आज एमएमए पाहणाऱ्याला तो तमाशा वाटत नाही. ठोसे मारणारा आणि पाडणारा एकमेकांना घाबरून अंतर राखतात तेव्हा काय होतं, ते जगाने त्या दिवशी पाहिलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इनोकी कराचीला आला. समोर अक्रम पैलवान, गामाचा पुतण्या. इनोकीने त्याचा हात मनगटाशी दोन्ही हातांनी धरून पाठीमागे पिरगाळला. अक्रमने हार मानली नाही. हात जायबंदी झाला आणि लढत थांबवावी लागली. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "सोड म्हणायचं न्हाय का?" मग स्वतःच म्हणाले, "आपल्यात तशी रीतच न्हाय." खरंच नाही. मातीतल्या कुस्तीत एक तर तुम्ही चीत करता, नाहीतर चीत होता. थाप मारून 'पुरे' म्हणायची सोय आपल्या पैलवानाला कोणी शिकवलेलीच नव्हती.

इनोकीच्या त्या डावाचं आज रुळलेलं नाव 'किमुरा', आणि त्या नावाचा धागा ब्राझीलला जातो. मित्सुयो मायदा नावाचा ज्युदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि बेलेम शहरात राहिला. त्याची विद्या ग्रेसी घराण्यात गेली, आधी कार्लोसकडे आणि मग त्याचा धाकटा भाऊ एलिओकडे. एलिओ अंगाने किरकोळ. जोरात तो कुणालाही पुरा पडणार नव्हता, म्हणून त्याने खाली पडल्यावर करायचे डाव घोटून घोटून बारीक केले. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूने त्याचा हात असाच पिरगाळला. एलिओनेही थाप मारली नाही. हाड मोडलं आणि त्याच्या बाजूने हार मानल्याचा टॉवेल फेकला गेला. ग्रेसींनी हरवणाऱ्याचंच नाव डावाला दिलं. मला हा मोठेपणा वाटतो. आबांना वाटतो येडेपणा.

आता त्या बारीक केलेल्या डावांबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी गंमत इथे आहे. कल्पना करा, तुम्ही पाठीवर आहात आणि समोरचा वरून दाबतोय. तो तुमच्या छातीवर बसला असेल तर तुमचं काही खरं नाही. पण तो तुमच्या दोन पायांच्या मध्ये असेल तर चित्र बदलतं. पाय हातांपेक्षा कितीतरी ताकदवान. पाय त्याच्या कंबरेला आवळून त्याला जवळ खेचता येतं, म्हणजे ठोशाला जागा राहत नाही. तळपाय त्याच्या मांडीला लावून त्याला लांब ढकलता येतं, म्हणजे ठोसा पोचत नाही. आणि त्याने तोल सांभाळायला एक हात पुढे टेकला की तो हात तुमचा. पाय वर घेऊन त्याची मान आणि एक हात मांड्यांच्या त्रिकोणात कोंडायचा, की त्याचाच खांदा त्याच्या मानेवर दाबला जातो. या सगळ्या बैठकीला 'गार्ड' म्हणतात. पाठ जमिनीवर, आणि डाव चालू.

ग्रेसींनी कोणत्याही विद्येच्या माणसाला खुलं आव्हान द्यायचा रिवाज पाडला. तिकडे 'वाले तुदो', म्हणजे 'सगळं चालतं', अशा नावाने लढती होत. एलिओचा मुलगा रोरियन अमेरिकेत स्थायिक झाला आणि त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हर शहरात एक स्पर्धा भरवली. नाव अल्टिमेट फायटिंग चँपियनशिप, म्हणजेच यूएफसी. आठ लढवय्ये, आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, वजनी गट नाहीत, परीक्षक नाहीत. मनाई कशाला? चावायला आणि डोळ्यांत बोटं घालायला. अडीच हजार वर्षांनी माणूस पुन्हा त्याच दोन नियमांवर येऊन थांबला होता.

पहिल्याच लढतीत एका सुमो पैलवानाचा दात लाथेने उडाला. एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. प्रश्न साधा होता: कराटेवाला भारी, बॉक्सर भारी, की कुस्तीवाला? उत्तर दिलं एलिओच्याच सडपातळ मुलाने, रॉइस ग्रेसीने. तो पांढरा झगा घालून आला आणि एकामागून एक तिघांना जमिनीवर नेऊन त्यांच्याकडून हार कबूल करून घेतली. पुढच्या वर्षी डॅन सेव्हर्न हा भरभक्कम कुस्तीगीर पंधरा मिनिटं रॉइसच्या अंगावर होता. आबांच्या हिशेबाने ती कुस्ती केव्हाच संपलेली. रॉइसने खालूनच पायांचा तो त्रिकोण घातला आणि सेव्हर्नने थाप मारली. ही लढत इतकी लांबली की पैसे भरून घरी बघणाऱ्या कित्येकांचं प्रक्षेपण शेवटाआधीच बंद पडलं.

म्हणजे ग्रेसींची विद्या, जिउ-जित्सू, जिंकली? तीन-चार वर्षंच. कुस्तीगीरांनी पाहिलं की पाडणं तर आपल्याला येतंच, मग खाली त्याच्या गार्डमध्ये डाव खेळत का बसायचं, वरून ठोसे घालू. मार्क कोलमनने 1996 मध्ये हेच करून मैदान मारलं. वर्षभरातच मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरने खाली पडून टिकायचं कसं ते शिकून घेतलं, कोलमनला दमू दिलं, उठला आणि 1997 मध्ये त्याला हरवलं. या चक्रात 'कोणती विद्या श्रेष्ठ' हा मूळ प्रश्नच निकालात निघाला. सगळ्यांना सगळं यावं लागणार होतं. 'मिक्स्ड' या शब्दाला अर्थ आला तो इथे.

पण तोवर खेळ बंद पडायच्या बेताला आला होता. 1996 मध्ये अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅककेन यांनी याला माणसांच्या कोंबड्यांच्या झुंजी म्हटलं आणि सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. केबलवाल्यांनी पाठ फिरवली. खेळ वाचला तो नियमांनी. वजनी गट आले, ग्लोव्ह सक्तीचे झाले, आणि 2001 च्या सुमारास न्यू जर्सीत एकसारखी नियमावली ठरली. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबासाठी पाच. डोक्याने धडक नाही, जांघेत मार नाही, मानेच्या मागे आणि कण्यावर मार नाही, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ नाही. त्याच वर्षी फर्टिटा बंधू आणि डेना व्हाइट यांनी यूएफसी 20 लाख डॉलरला विकत घेतली. 2005 मध्ये लढवय्यांना एका घरात कोंडून त्यांच्यात लढती लावणारा रिअॅलिटी शो आला आणि त्याच्या अंतिम सामन्याने घराघरांत हा खेळ पोचवला. 2016 मध्ये तीच कंपनी साधारण 400 कोटी डॉलरला विकली गेली. 2025 मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीने सात वर्षांच्या अमेरिकेतल्या प्रक्षेपणासाठी 770 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. रुपयांत गुणाकार मी आबांसमोर करत नाही.

आबांना हा खेळ खरा पटला तो खबीब नुरमागोमेदोवमुळे. रशियातल्या दागेस्तानचा, डोंगरातला, लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतानाचा त्याचा व्हिडिओ जगभर फिरलेला. 29 लढती, 29 विजय, आणि 2020 मध्ये निवृत्ती. तो समोरच्याला जाळीपर्यंत रेटायचा, पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचा, मग त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत गुंडाळून वरून मारत राहायचा. 2018 मध्ये त्याने कॉनर मॅकग्रेगरला हरवलं ती लढत आबांनी तीनदा पाहिली. "ह्यो पैलवान," एवढंच म्हणाले. आबांच्या तोंडून हा शब्द सहज निघत नाही.

गुणांवरून मात्र आमच्याकडे अजून वाद होतो. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, आणि एकतर्फी झाली तर 8. नुसतं पाडून वर पडून राहिलात तर त्याला फारसं मोल नाही. मारलं किती, डाव किती जवळ आणला, ते बघतात. "पट काढला त्याचं कायच न्हाय?" या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

आपल्याकडे 2012 मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या सुपर फाइट लीगने मुंबईत या खेळाचा मोठा बार उडवला. तो आवाज पुढे विरला, पण तालमी राहिल्या. 2017 मध्ये भरत कंदारे शांघायला यूएफसीत उतरला आणि मान बगलेत धरून आवळायच्या 'गिलोटीन' डावात अडकून हरला. कुस्तीतून येणाऱ्या प्रत्येकाला या डावाचा धाक असतो, कारण पट काढायला वाकलं की मान आयती समोरच्याच्या बगलेत जाते. 2023 च्या फेब्रुवारीत उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने स्पर्धा जिंकून यूएफसीचा करार मिळवला. 2024 मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या पूजा तोमरने यूएफसीतली लढत जिंकली. मूळची ती वुशू या चिनी युद्धकलेची खेळाडू. स्त्रियांना यूएफसीत जागा मिळाली तीच मुळी 2013 मध्ये, राँडा राउझीच्या लढतीपासून. आयची-नागोयाच्या 2026 च्या आशियाई खेळांत एमएमएचा पदकांसह समावेश झाला आहे.

आमच्या भागात हे दिसतं ते घणसोली-कोपरखैरण्याच्या इमारतींमध्ये. खाली स्टेशनरीचं दुकान, वर क्लासेस, आणि त्याच्या वर एक गाळा, ज्याच्या काचेवर ग्लोव्हचं चित्र. मुलगा जातो तिथे आत शिरलं की आधी फिनेल आणि घामाचा वास येतो. चपला बाहेर. मॅटच्या पट्ट्यांच्या सांध्यांवर चिकटपट्टी. कोपऱ्यात नखं कापायचं नेलकटर दोरीला बांधून ठेवलेलं, कारण वाढलेलं नख दुसऱ्याला ओरबाडतं. शिकवणाऱ्याचे कान चेपून गाठी झालेले. ते बघून आबांनी त्याला न विचारताच नमस्कार केला. सततच्या घासण्याने कानाच्या कुर्चेत रक्त साकळतं आणि कान असा होतो. मातीतल्या पैलवानाचाही तसाच.

याआधीचा आमचा अनुभव वाईट होता. दुसऱ्या एका क्लासमध्ये तिसऱ्याच दिवशी मुलाला एका दणकट गड्यासमोर उभं केलं, ओठ फुटला आणि शिकवणारा हसला. आम्ही फी सोडली आणि बाहेर पडलो. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी सांगतो, पहिला महिना नुसतं पडायचं कसं आणि थाप कधी मारायची हे शिकवतात का ते बघा. डोक्याला मार हा या खेळातला खरा धोका आहे आणि तो लगेच दिसत नाही. दुसरा धोका वजनाचा. खालच्या गटात बसायला लढवय्ये शेवटच्या दिवसांत अंगातलं पाणी उतरवतात. 2015 मध्ये मनिलात यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या यातच गेला, आणि मग लढती भरवणाऱ्या वन चँपियनशिप या संस्थेने पाणी उतरवून वजन घटवायला बंदी केली.

गेल्या दिवाळीत आबांनी हट्टच धरला, म्हणाले मलाही ते मॅटवर दाखवा. शिकवणारा हो म्हणाला. आबा लेंगा दुमडून मॅटच्या पाया पडले आणि नातवासमोर गुडघ्यांवर बसले. पोराने हलकेच त्यांचा खांदा ओढला, तसे आबा झटकन पालथे झाले. साठ वर्षांपूर्वीचं शिक्षण. चीत व्हायचं नाही. आणि पोरगं त्याच क्षणी त्यांच्या पाठीवर. या खेळात पालथं पडणं म्हणजे ढाल फेकून देणं, कारण मागून हात गळ्याखाली जातो, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि माणूस दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो. पोराने हात नुसता ठेवला होता, आवळला नव्हता. "आबा, आता काय करणार तुम्ही?"

आबांनी मांडीवर दणदणीत थाप मारली.

पोराने लगेच हात सोडला, बाजूला झाला, आणि बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आबा उठून बसले, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत.

"सोडलंस का रं? मी आत्ता कुठं शड्डू ठोकला."